अक्षरं मोठी करा, चित्र पुसट करू नका

नव्या लॅपटॉपवर आवडता खेळ चढवला की पहिली तक्रार बहुधा एकच असते. चित्र देखणं दिसतं, पण कोपऱ्यातला नकाशा, सोन्या-लाकडाचे आकडे, बटणांवरची चिन्हं, खाली उमटणारे संवाद हे सगळं इतकं बारीक, की मान पुढे काढल्याशिवाय वाचता येत नाही. मग कुणीतरी सुचवतं, ‘रिझोल्यूशन कमी कर.’ ते केलं की अक्षरं मोठी होतात खरी, पण त्यांच्याबरोबर अख्खं चित्र धुरकट होतं. त्या धुरकट चित्राकडे तासन् तास पाहून डोळे उलट जास्त शिणतात. रिझोल्यूशनला हात न लावता फक्त अक्षरं, बटणं आणि नकाशे मोठे करता येतात. बहुतेक नव्या खेळांत ही सोय असते, पण ती सेटिंगच्या कुठल्यातरी आतल्या पानावर असते आणि तिथपर्यंत फार थोडे जण पोहोचतात.

आधी ही अडचण येते कुठून ते पाहू. संगणकाचा पडदा ठिपक्यांचा बनलेला असतो आणि खेळातलं बटण अमुक इतके ठिपके रुंद अशा हिशेबानं काढलेलं असतं. चोवीस इंची साध्या फुल एचडी मॉनिटरवर, म्हणजे १९२० बाय १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर, एका इंचात साधारण ९२ ठिपके बसतात. तेवढेच ठिपके १५.६ इंची लॅपटॉपवर दाटीनं बसवलेले असतात, म्हणजे इंचाला १४१. सत्तावीस इंची फोर-के मॉनिटरवर तोच आकडा १६३ होतो. परिणामी ३२ ठिपक्यांचं बटण पहिल्या पडद्यावर जवळजवळ ९ मिलिमीटरचं दिसतं, लॅपटॉपवर ६ मिलिमीटरच्याही खाली जातं आणि फोर-के पडद्यावर जेमतेम ५ मिलिमीटर उरतं. खेळ तोच, बटण तेच, पण डोळ्याला पोहोचणारं माप जवळजवळ निम्मं.

‘एज ऑफ एम्पायर्स २’ हे याचं उत्तम उदाहरण. हा खेळ १९९९ सालचा. तेव्हाच्या जाडजूड काचेच्या मॉनिटरसाठी त्याची बटणांची पट्टी आणि चिन्हं काढलेली होती, आणि त्याचं सर्वांत मोठं रिझोल्यूशन १२८० बाय १०२४ एवढंच होतं. सायबर कॅफेत हा खेळ खेळलेल्यांना तेव्हा कधी डोळे बारीक करावे लागले नाहीत. त्याच मापाची चित्रं आजच्या दाट पडद्यावर ठेवली की गावकरी मुंगीएवढा होतो. २०१९ मध्ये आलेल्या ‘डेफिनिटिव्ह एडिशन’मध्ये चित्रं नव्यानं काढली गेली आणि पट्टीचं माप बदलणारा सरकता दांडा सेटिंगमध्ये आला. कुणी पुन्हा त्या खेळाकडे वळणार असेल, तर पहिली लढाई सुरू करण्याआधी तो दांडा शोधावा.

सेटिंगमध्ये शिरलात की एकसारख्या दिसणाऱ्या चार गोष्टी समोर येतात आणि गोंधळ तिथेच होतो. प्रत्येकीचं काम निराळं आहे.

पहिलं, विंडोजचं स्केल. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’ आणि त्याखाली ‘डिस्प्ले’ उघडलं की १००, १२५, १५० टक्के असे पर्याय दिसतात. त्यानं फाइली, ब्राउझर, मेनू यांची अक्षरं मोठी होतात. पण पूर्ण पडदा व्यापणारे खेळ बऱ्याचदा हा आकडा मानतच नाहीत. म्हणून विंडोजमध्ये सगळं छान वाचता येतं आणि खेळ उघडला की पुन्हा तेच.

दुसरं, रिझोल्यूशन. आजच्या सपाट पडद्याला स्वतःचं एक ठरलेलं रिझोल्यूशन असतं आणि त्याच आकड्यावर चित्र नेमकं उमटतं. त्याहून कमी ठेवलं की पडद्याला एका ठिपक्याची माहिती दीड-पावणेदोन ठिपक्यांत ताणून बसवावी लागते. अक्षरांच्या कडा पुसट होतात त्या यामुळे. तेव्हा हे पडद्याच्या मूळ आकड्यावर ठेवायचं आणि तिथून हलवायचं नाही.

तिसरं, ‘रेंडर स्केल’ किंवा ‘रिझोल्यूशन स्केल’. संगणक अशक्त असेल, खेळ अडखळत असेल, तर हे कमी करावं. डोंगर, झाडं, माणसं थोड्या कमी तपशिलात काढली जातात, पण वरची अक्षरं आणि बटणं सहसा पूर्ण स्वच्छतेनं उमटत राहतात. वेग हवा म्हणून रिझोल्यूशन उतरवणाऱ्यांनी त्याऐवजी हा पर्याय वापरून पाहावा. अडखळणं कमी होईल आणि वाचायला त्रास होणार नाही.

चौथा, आपल्या कामाचा: ‘यूआय स्केल’, ‘इंटरफेस स्केल’, ‘हड स्केल’ किंवा ‘जीयूआय स्केल’. प्रत्येक खेळात नाव थोडं वेगळं. कधी तो व्हिडिओच्या पानावर असतो, कधी इंटरफेसच्या, कधी ‘ॲक्सेसिबिलिटी’ या नावाखाली. तीनही पानं चाळून पाहा. काही खेळांत पर्याय दिसतो, पण धूसर असतो आणि दाबला जात नाही. अशा वेळी रिझोल्यूशन खाली उतरवलेलं नाही ना, हे आधी तपासा, कारण काही खेळ मोठ्या रिझोल्यूशनवरच हा पर्याय खुला करतात.

आता एक खेळ नीट उलगडून पाहू, कारण तो घराघरांतली मुलं खेळतात आणि त्याचा हिशेब समजला की बाकीच्या खेळांचाही समजतो. तो खेळ म्हणजे ‘माइनक्राफ्ट’.

त्याच्या जावा आवृत्तीत ‘ऑप्शन्स’, मग ‘व्हिडिओ सेटिंग्ज’, आणि तिथे ‘जीयूआय स्केल’. पर्याय ‘ऑटो’, १, २, ३, ४ असे. हे आकडे टक्के नाहीत, पट आहेत. २ म्हणजे मूळ चित्रातला प्रत्येक ठिपका दोन बाय दोन करून दाखवला जातो, ३ म्हणजे तीन बाय तीन. अडीच पट असं काही नसतं, म्हणूनच या खेळाची अक्षरं कुठल्याही मापावर काटेकोर राहतात.

किती पटीपर्यंत जाता येईल हे खिडकीच्या आकारावर ठरतं. खिडकीची लांबी-रुंदी पटीनं भागल्यानंतर किमान ३२० बाय २४० ठिपक्यांची जागा उरली पाहिजे, असा त्याचा नियम. फुल एचडी पडद्यावर १०८० ला २४० नं भागलं की साडेचार येतात, म्हणून कमाल ४. जुन्या लॅपटॉपांच्या १३६६ बाय ७६८ पडद्यावर कमाल ३. फोर-के पडद्यावर ९ पर्यंत. खेळात वस्तू ठेवायच्या दुहेरी पेटीची चौकट २२२ ठिपके उंच असते, त्यामुळे कमाल मापावरही ती पडद्यात पूर्ण मावते. खालच्या बटणापर्यंत पोहोचता येणार नाही, अशी भीती बाळगायला नको.

७६८ ठिपक्यांच्या लॅपटॉपवर एक गोष्ट हमखास चकवते. तीन पटीसाठी ७२० ठिपक्यांची उंची लागते. खेळ खिडकीत मोठा करून चालवला की वरची शीर्षकपट्टी आणि खालचा टास्कबार मिळून साठ-सत्तर ठिपके खातात, उंची ७२० च्या खाली येते आणि ‘ऑटो’ निमूटपणे २ वर उतरतं. मूल म्हणतं, काल मोठं दिसत होतं, आज बारीक का? एफ-११ दाबून खेळ पूर्ण पडद्यावर घ्या, ३ परत येईल.

मग कोणतं माप निवडायचं? खेळातलं मोठं इंग्रजी अक्षर मुळात ७ ठिपके उंच आहे. १५.६ इंची फुल एचडी लॅपटॉपवर २ ठेवलं तर ते अडीच मिलिमीटरचं दिसतं, ३ ठेवलं तर पावणेचारच्या आसपास, ४ ठेवलं तर ५ मिलिमीटर. खालची वस्तूंची पट्टी अनुक्रमे साडेसहा, पावणेदहा आणि तेरा सेंटिमीटर रुंद होते. पडद्याची एकूण रुंदी साडेचौतीस सेंटिमीटर. माझ्या मते अशा लॅपटॉपवर ३ हेच योग्य. अक्षर सहज वाचता येतं आणि पट्टी पडद्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत राहते. २ ठेवणाऱ्यांना परिसर जास्त दिसतो, पण वस्तूंवरचे आकडे पाहताना ते पुढे झुकतात. सत्तावीस इंची फोर-के पडद्यावर उलटी गंमत होते: ‘ऑटो’ ९ निवडतं आणि पट्टी पडद्याचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग अडवते. तिथे स्वतः ४ किंवा ५ ठेवावं.

गप्पांच्या अक्षरांचं माप त्याच खेळात चॅटच्या सेटिंगमध्ये वेगळं बदलता येतं. बाकी सगळं ३ वर ठेवून गप्पांचा मजकूर थोडा लहान केला की तो दृश्याच्या आड येत नाही. एफ-३ दाबून दिसणाऱ्या माहितीची मात्र मोठ्या मापावर गिचमीड होते. तिचा सतत उपयोग करणाऱ्यांना एक पायरी खाली उतरावं लागेल. फोन, टॅब्लेट आणि विंडोजवर चालणाऱ्या ‘बेडरॉक’ आवृत्तीत हिशेब उलटा आहे. ती मोठ्या मापावरच सुरू होते आणि तिथला पर्याय ०, उणे १, उणे २ असा फक्त खाली नेणारा असतो.

‘स्टारड्यू व्हॅली’ खेळणाऱ्यांची गैरसोय वेगळी होती. २०१६ साली आलेल्या या शेतीच्या खेळात बरीच वर्षं दृश्य जवळ-लांब करणं आणि बटणांचं माप एकाच पर्यायाला जोडलेलं होतं. शेत पूर्ण दिसावं म्हणून लांब गेलं की पिशवीतली बियाणंही बारीक व्हायची. २०२० च्या डिसेंबरात आलेल्या १.५ आवृत्तीनं ही दोन्ही मापं वेगळी केली. आता दृश्य लांब ठेवून पिशवी मोठी ठेवता येते. ज्या खेळात ‘झूम’ आणि ‘यूआय स्केल’ असे दोन दांडे दिसतील, तिथे आधी झूम मनासारखा करा आणि मगच बटणांकडे वळा. उलट क्रमानं गेलात तर पुन्हा पुन्हा दोन्हीकडे हात घालावा लागतो.

माप ठरवताना बहुतेक जण चुकीची जागा निवडतात. खेळाच्या पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरांतला मेनू समोर असताना दांडा सरकवून काही कळत नाही. सर्वांत गर्दीचा पडदा उघडा: वस्तूंची पिशवी, व्यापाराची यादी, तंत्रज्ञानाचा वृक्ष, ऐन लढाई. पाठ खुर्चीला टेकवा, पडदा हातभर अंतरावर असू द्या, आणि तिथला सर्वांत लहान मजकूर वाचा. वाचता वाचता मान पुढे आली तर एक पायरी वाढवा. वाढवत गेल्यावर चौकटी एकमेकींवर चढू लागल्या, किंवा लढाईत शत्रू बटणांआड जाऊ लागले, की एक पायरी मागे या. मग अर्धा तास खेळा. पहिल्या पाच मिनिटांत मोठी बटणं अंगावर आल्यासारखी वाटतात, बारीक बटणांची सवय मोडायला एवढा वेळ जातोच. बर्फाळ किंवा वाळवंटी प्रदेशात पांढरी अक्षरं वाचता येतात का, हेही याच वेळी पाहा. येत नसतील तर अडचण मापाची नाही, मजकुरामागच्या पार्श्वभूमीची आहे. संवादांच्या मागे काळी पट्टी देणारा पर्याय अनेक खेळांत असतो.

मोठ्या बटणाचा फायदा केवळ वाचण्यापुरता नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडलेला नियम आज संगणकाचा पडदा आखणारे सगळे जण वापरतात: लक्ष्य जितकं लहान आणि दूर, तितका हात तिथे पोहोचायला जास्त वेळ लागतो. झटपट क्लिक कराव्या लागणाऱ्या खेळात मोठं बटण म्हणजे चुकलेले क्लिक कमी. ज्यांचा हात थरथरतो, किंवा जे टचपॅडवर खेळतात, त्यांना तर हा फरक पहिल्याच दिवशी जाणवतो.

सगळं एकाच पटीत मोठं करायची गरज नसते. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये २०२२ पासून ‘एडिट मोड’ आहे. त्यात अनेक पट्ट्या आणि चौकटी वेगवेगळ्या पकडून हलवता आणि लहान-मोठ्या करता येतात. आपल्याकडे फोनवर ‘बीजीएमआय’ खेळणाऱ्यांना ही कल्पना नवी नाही. त्या खेळात प्रत्येक बटणाची जागा, आकार आणि पारदर्शकता ठरवता येते, आणि पोरं ती मोठ्या निगुतीनं ठरवतात. तीच मुलं संगणकावर बसली की समोर जे येईल ते मुकाट्यानं सोसतात. फोनवरची ती सवय इथेही चालवा. ‘फॅक्टोरिओ’सारख्या खेळात तर सेटिंग उघडायचीही गरज नाही. कंट्रोल धरून नंपॅडवरचं अधिक किंवा उणे दाबलं की खेळता खेळता माप बदलतं.

खेळात असा पर्यायच नसेल तर? जुन्या खेळांत हे हमखास होतं. विंडोजवर खेळाच्या मूळ फाइलवर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘कम्पॅटिबिलिटी’ पानावर जा. तिथे ‘हाय डीपीआय’ची सेटिंग्ज आहेत. स्केलिंग ‘ॲप्लिकेशन’कडे दिलं तर खेळ स्वच्छ पण बारीक दिसतो. ‘सिस्टिम’कडे दिलं तर मोठा पण किंचित पुसट. पडद्याचा अर्धाच भाग दिसणं, माउसचा बाण एकीकडे आणि क्लिक दुसरीकडे होणं, अशा तक्रारींवर पहिला पर्याय बहुधा लागू पडतो. दुसरा मार्ग विंडोजच्या भिंगाचा. विंडोजची कळ आणि अधिकचं चिन्ह एकत्र दाबलं की भिंग उघडतं, विंडोज आणि एस्केप दाबलं की बंद होतं. खेळ ‘बॉर्डरलेस विंडो’मध्ये चालवला तर भिंग जास्त नीट चालतं. सावकाश खेळायच्या, डाव-प्रतिडावाच्या खेळांना ही सोय पुरेशी आहे. धावपळीच्या खेळात तिचा उपयोग नाही.

रिझोल्यूशन उतरवू नका या नियमाला एकच अपवाद मी मानतो. फोर-के पडद्यावर फुल एचडी ठेवलं तर प्रत्येक ठिपक्याला नेमके चार ठिपके मिळतात, कुठलाही अपूर्णांक उरत नाही. एनव्हिडियानं २०१९ मध्ये आपल्या ड्रायव्हरमध्ये ‘इंटिजर स्केलिंग’ दिलं ते याचसाठी. ते चालू केलं तर जुना खेळ मोठा होऊनही त्याच्या कडा कोरीव राहतात.

खेळात बदल करणारे, बाहेरून मिळणारे मॉड वापरून पट्ट्या मोठ्या करण्याचा मार्गही आहे. एकट्यानं खेळायच्या खेळात, सेटिंगच्या फाइलची प्रत आधी बाजूला ठेवून, तो खुशाल वापरावा. इतरांशी ऑनलाइन खेळायच्या खेळात मात्र नियम वाचल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नका. तिथे परवानगी नसलेला बदल सापडला तर खातं बंद होऊ शकतं.

संगणक टीव्हीला जोडून खेळणाऱ्यांना अंतराचा हिशेब करावा लागतो. मेजावरचा पडदा हातभर लांब, टीव्ही दोन-तीन मीटर लांब. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स विभागानं खेळ बनवणाऱ्यांसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत हा फरक आकड्यांत मांडला आहे: फुल एचडीवर संगणकासाठी अक्षर किमान १८ ठिपक्यांचं, टीव्हीसमोर बसून खेळण्यासाठी २६ ठिपक्यांचं, आणि फोर-के असेल तर दोन्ही आकडे दुप्पट. म्हणून लॅपटॉपवर ठरवलेलं माप टीव्हीवर तसंच ठेवू नका, किमान दीडपट करा.

घरात दोन पिढ्या एकाच संगणकावर खेळत असतील, तर माप मोठ्यांच्या डोळ्यांनी ठरवा. चाळिशी लागलेल्या माणसाला जवळचं बारीक वाचताना जे कष्ट पडतात ते शाळकरी मुलाला कळत नाहीत. मोठ्या अक्षरांनी मुलाचं मात्र काही बिघडत नाही. आणि मूल पडद्याला नाक लावून खेळताना दिसलं तर ‘मागे सरक’ म्हणण्याआधी त्याच्या शेजारी बसून अक्षरं किती बारीक आहेत ते पाहा. माप वाढवल्यावरही ते पुढेच सरकत असेल, तर डोळे तपासून घ्या.

पुण्या-मुंबईत आता खेळ बनवणारे स्टुडिओ आहेत. युबिसॉफ्टचं कामकाज दोन्ही शहरांत आहे, ‘इंडस’ हा खेळ काढणारी सुपरगेमिंग पुण्याची. या धंद्यात शिरणाऱ्या मराठी मुला-मुलींनी मापाचा दांडा शेवटच्या आठवड्यात जोडायची गोष्ट समजू नये. खेळ बनवायच्या ‘युनिटी’ या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॅनव्हास स्केलर’ पहिल्या दिवशीच ‘स्केल विथ स्क्रीन साइज’वर ठेवला आणि चौकटी त्या हिशेबानं आखल्या, तर नंतर माप बदलणारा दांडा देणं सोपं जातं. ठिपक्यांचे आकडे जागोजागी कोरून ठेवले, तर पुढे प्रत्येक चौकट पुन्हा आखावी लागते.

खेळणाऱ्यांनी गप्प बसू नये हेही तितकंच महत्त्वाचं. २००६ साली ‘डेड रायझिंग’ या खेळातला मजकूर साध्या टीव्हीवर वाचता येत नाही अशी ओरड झाली आणि ती तशीच राहिली. २०१५ मध्ये ‘द विचर ३’मधल्या बारीक अक्षरांबद्दल तक्रारी झाल्या, तेव्हा त्याच वर्षी अपडेटमधून अक्षरं मोठी झाली. २०१९ मध्ये ‘द आउटर वर्ल्ड्स’च्या बाबतीतही तसंच घडलं. तेव्हा तुमच्या खेळात सोय नसेल तर निर्मात्यांना लिहा. ‘अक्षरं बारीक आहेत’ एवढंच न लिहिता पडदा किती इंची, रिझोल्यूशन किती, तुम्ही किती अंतरावर बसता आणि नेमकी कोणती चौकट वाचता येत नाही हे लिहा, सोबत त्या पडद्याचं चित्र जोडा. अशा तक्रारीवर काम करणं त्यांना सोपं जातं.